कारवीचे फादर

ती वाळकी शेंग उचल रे बंटी. भिंतीच्या कडेला जांभळ्या फुलांचं झुडूप आहे ना, त्याच्याखालची. हिरवी नको, तपकिरी झालेली घे. आता वाटीतलं पाणी बोटानं तिच्या टोकाला लाव, शेंग तळहातावर ठेव आणि जरा गप्प उभा राहा.

दचकलास ना?

“आबाजी, हे तं बॉम्बच व्हय!”

बॉम्ब नाही बाप्पा, साधी शेंग. या झुडपाला रुएलिया म्हणतात. मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पण आता अकोल्या-अमरावतीच्या शाळांच्या कुंपणालाही ते मजेत राहतं. शेंगेच्या दोन फाका वाळता वाळता बाहेर वळू पाहतात, पण टोकाशी त्या घट्ट चिकटलेल्या असतात. ताण साठत जातो आणि त्याला सुटायला वाट मिळत नाही. टोक भिजलं की जोड सैल पडतो, फाका फटकन उलटतात आणि प्रत्येक बियाखाली जो बारीक आकडा असतो तो बी भिरकावून देतो. हिच्याच एका बहिणीच्या शेंगा अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजच्या मंडळींनी अतिवेगवान कॅमेऱ्यासमोर फोडल्या आणि २०१८ साली आपलं काम छापलं. ते चपटं बी सेकंदाला सोळाशेहून जास्त गिरक्या घेत जातं आणि सात मीटरपर्यंत पोचतं. गिरकीमुळं ते हवेत डगमगत नाही, म्हणून हवेचा अडथळा कमी होतो. आता वाटीत पडलेलं बी बघ चिंगे. भोवती पांढरा बुळबुळीत थर आला ना? ते केस आहेत. कोरडे असताना बियाला चिकटून झोपलेले, पाणी लागलं की फुगून उभे. उडून पडलेलं बी ओल्या मातीला धरून बसावं, म्हणून ही सोय.

अडुळसा, अबोली, पिवळी कोरांटी, तालीमखाना हे सगळे याच कुळातले, आणि यातल्या बऱ्याच जणांना शेंग फोडायची खोड आहे. याच कुळात एक झुडूप असं आहे की ते शेंग फोडायला पाऊस मागतं ते मागतंच, पण त्याआधी वर्षानुवर्षं फूलच धरत नाही. त्याचं नाव कारवी. सह्याद्रीत डोंगरच्या डोंगर तिचे, आणि आपल्या सातपुड्यात पचमढीकडेही ती आहे. पुरुषभर उंच वाढते. कोकणात, मावळात तिच्या काठ्यांच्या कुडाला शेणमाती लिंपून घरांच्या भिंती होतात. दर पावसाळ्यात पानं येतात, दर उन्हाळ्यात नुसत्या काड्या उरतात. असं सात वर्षं. आठव्या वर्षी श्रावण-भाद्रपदात सगळा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो, काही ठिकाणी हा हिशेब सात वर्षांचा असतो इतकंच. मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात ती २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली. पुढची बारी २०३२. फुलं झाली की झाड मरतं. शेंगा मात्र वाळक्या काडीवर पुढचा सगळा उन्हाळा काढतात आणि नव्या वर्षाच्या पहिल्या पावसात फुटतात. तुझ्या हातावर एक फुटली. तिथं डोंगरभर फुटतात. पहिल्या सरीत त्या रानात उभं राहिलं, तर चहूकडून तडतड ऐकू येते.

आता मला सांगा पोट्टेहो, असल्या झाडाचा अभ्यास करायचा म्हणजे काय करायचं? एकदा डोंगर चढून फूल पाहून आलं की भागलं का? ज्याला कारवी कळून घ्यायची, त्यानं त्याच डोंगरावर पुन्हा पुन्हा जायला हवं. फूल नसलेल्या वर्षीही जायला हवं, आणि ‘फूल नाही’ असंही वहीत लिहायला हवं. असं काम करणाऱ्यांत एक फादर होते. त्यांचं नाव हर्मेनेगिल्ड सांतापाऊ.

“संतापू? मंग लय रागीट असतीन ते!”

हसू नको. स्पेनच्या तारागोना प्रांतात ला गालेरा नावाचं गाव आहे. तिथं ५ डिसेंबर १९०३ ला त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच ते जेझुइट संघात गेले. जेझुइट म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक जुना संघ, साडेचारशे वर्षांहून जास्त जुना. त्यांची रीत अशी की दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची शपथ घ्यायची आणि दहा-बारा वर्षं नुसतं शिकायचं. तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, लॅटिन, आणि ज्याची जशी ओढ तसा एखादा लौकिक विषय. मग संघ सांगेल तिथं जायचं. संघानं या पोराला १९२८ साली हिंदुस्थानात पाठवलं. वय पंचविशीच्या आत, आणि पुढचं सगळं आयुष्य इथंच. मधे शिकायला लंडनला गेले. तिथल्या क्यू बागेत जगभरची वाळलेली झाडं कागदावर चिकटवून ठेवलेली आहेत, त्यांत आपल्याकडची झाडं पाहिली. १९४० साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि पुढं भारताचे नागरिकही.

झेवियर्समध्ये त्यांच्या आधी एक फादर होऊन गेले होते. फादर ब्लाटर, स्वित्झर्लंडचे. पाम म्हणू नका, नेचे म्हणू नका, वाळवंटातली झुडपं म्हणू नका, जे दिसेल ते त्यांनी गोळा केलं. १९३४ साली ते गेले. त्यांच्या नावाचा संग्रह, ब्लाटर हर्बेरियम, आजही त्या कॉलेजात आहे. हर्बेरियम काय असतं ते सांगतो, कारण अर्धं शास्त्र तिथंच आहे. रोप मुळासकट उपटायचं, वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायचं, वर टीपकागद, त्यावर फळी, आणि पट्ट्यानं आवळून टाकायचं. कागद रोज बदलायचे. नाही बदलले तर बुरशी. आणि खंडाळ्याचा पावसाळा म्हणजे कागद स्वतःच ओला, तो आधी शेगडीवर वाळवायचा. वाळलेल्या रोपाला किडे लागू नयेत म्हणून पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडचं विष चोपडत. मग जाड कागदावर शिवायचं आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. कुठं सापडलं, कोणत्या तारखेला, किती उंचीवर, फुलाचा रंग काय, कोणी तोडलं. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो जिवंतपणीच लिहावा लागतो. चिठ्ठी नसेल तर तो नुसता पाचोळा. चिठ्ठी असेल तर शंभर वर्षांनी कोणीही येऊन विचारू शकतं की अमुक साली अमुक डोंगरावर काय फुललं होतं.

फादर सांतापाऊंनी खंडाळा धरला. पावसात, थंडीत, उन्हात, पोरांना घेऊन, त्याच दऱ्या आणि त्याच वाटा. त्याचं पुस्तक झालं १९५३ साली, खंडाळ्याच्या वनस्पतींचं. त्याआधी मुंबई इलाख्यातल्या कारवी-कोरांटीच्या या सबंध कुळावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला होता, तो १९५१ चा. मग पुरंदर किल्ला, १९५८. मग सौराष्ट्र, १९६२. त्याच १९६२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी कारवी आणि बांबू यांच्या एकदम, घोळक्यानं फुलण्यावर टिपण लिहिलं. या जर्नलच्या संपादनातही त्यांचा हात होता, पक्ष्यांच्या सलीम अलींच्या बरोबरीनं.

आता तुम्ही म्हणाल, लॅटिन शिकून काय उपयोग? ऐका तर. नवं झाड सापडलं की त्याचं वर्णन जगासमोर मांडावं लागतं, आणि १९३५ पासून २०११ संपेपर्यंत वनस्पतिशास्त्राचा नियमच होता की ते लॅटिनमध्ये पाहिजे. भल्या भल्या शास्त्रज्ञांची तिथं गाडी अडायची. आणि हे फादर! सकाळची मिस्सा लॅटिनमध्ये, कारण त्या काळी चर्चची उपासना लॅटिनमध्येच चाले, आणि दुपारी फुलाच्या पाकळ्यांचं वर्णनही लॅटिनमध्ये. धर्माच्या शाळेत शिकलेली भाषा गवताफुलांच्या कामी आली.

“मंग ते बिशप होते का आबाजी? आपल्या अमरावतीत असते तसे?”

नाही. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला. अकोला, बुलढाणा, यवतमाळ सगळं त्यात आलं, आणि पहिले बिशप जोसेफ रोझारिओ यांनी ते आसन चार दशकं सांभाळलं. बिशप म्हणजे शेकडो माणसांची, शाळांची, दवाखान्यांची जबाबदारी. मोठंच काम आहे, पण त्यात डोंगर सुटतो. शाळेत तुम्हाला मेंडेल शिकवतात ना, वाटाण्यावाले? तेही धर्मगुरूच. ब्रनोच्या मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं वाटाणे लावले, मोजले, आनुवंशिकतेचे नियम काढले. १८६८ साली त्यांना मठाधिपती केलं. मग कर, हिशेब, सरकारी पत्रं यांतच दिवस जाऊ लागले आणि वाटाणे मागं पडले. मला तर वाटतं, चर्चला एक बरा मठाधिपती मिळाला आणि शास्त्राचा मोठा तोटा झाला.

सांतापाऊंनाही मोठं आसन मिळालं, पण ते सरकारचं. १९६१ साली ते बॉटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक झाले. ही संस्था १८९० ची, कार्यालय कलकत्त्याला, आणि सगळ्या देशाची झाडं ओळखून त्यांची नोंद ठेवणं हे तिचं काम. स्पेनमध्ये जन्मलेला कॅथलिक फादर स्वतंत्र भारताच्या सरकारी खात्याचा प्रमुख! आज कोणाला विचित्र वाटेल, पण तेव्हा देशानं फक्त एवढंच पाहिलं की झाड कोणाला कळतं. सहा वर्षं त्यांनी ते काम केलं. फायलींच्या ढिगातही लिहिणं सुटलं नाही. १९६६ साली झेड. जे. कपाडियांच्या बरोबर मुंबई भागातल्या ऑर्किडवर पुस्तक आलं, आणि त्याच साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी तुमच्या-माझ्यासारख्यांना वाचता येईल असं नेहमीच्या झाडांवरचं पुस्तकही. १९६७ साली पद्मश्री मिळाली.

इथं आपल्या वऱ्हाडाचा एक धागा आहे. मुंबई इलाख्याच्या झाडांचा मोठा ग्रंथ थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मध्ये लिहिला. पुण्या-मुंबईचा विद्यार्थी झाड ओळखायला तोच उघडायचा. त्यात खानदेश आहे, कोकण आहे, अगदी सिंधसुद्धा आहे, आणि वऱ्हाड नाही. कारण तेव्हा वऱ्हाड मुंबईच्या राज्यात नव्हतंच. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आलेलं, १९०३ साली मध्य प्रांताला जोडलेलं. साहेबानं कारभाराची रेघ मारली आणि झाडंही त्या रेघेवर वाटली गेली. आकोटहून उत्तरेला नरनाळ्याचा डोंगर दिसतो, चिखलदऱ्याची कपार अकराशे मीटर उंच उभी आहे, साग आहे, तेंदू आहे, मोह आहे, पण कुकच्या ग्रंथाला त्याचा पत्ता नाही. डी. ओ. विट नावाच्या वनअधिकाऱ्याची १९१६ ची वऱ्हाडच्या वनांची यादी होती, पण यादी ती यादी. १९६० साली महाराष्ट्र झाला, वऱ्हाड त्यात आलं, आणि सर्व्हेच्या पुण्याच्या पश्चिम विभागापुढं सगळ्या राज्याची झाडं एका ग्रंथात आणायचं काम उभं राहिलं. त्या काळात वर कलकत्त्याला होते ते हे फादर. मेळघाटच्या वनस्पतींवरचं आर. आय. पटेल यांचं पुस्तक आलं १९६८ साली. कोरकू माणसाला आपल्या रानातलं झाड न् झाड ठाऊक होतंच. छापलेल्या पुस्तकाला ते ठाऊक व्हायला इतका वेळ लागला.

बरं, कारवीकडं परत येऊ. ती एवढी वर्षं वाट का पाहते?

तुमच्या लक्षात राहील असं सांगतो. गावजेवण आठवा. रोज एका घरी दोन पाहुणे आले तर दोघंही पोटभर जेवतात आणि पातेलं चाटूनपुसून जातात. पण सगळ्या गावानं एकाच दिवशी चुली पेटवल्या तर पाहुणे खाऊन खाऊन किती खातील? उरतंच. कारवीचं बी खाणारे उंदीर, किडे, पाखरं आहेत. दरवर्षी थोडं थोडं बी धरलं असतं तर त्यांनी एकही ठेवलं नसतं, वर त्यांची संख्याही वाढत गेली असती. सात वर्षं काहीच नाही, म्हणून खाणारे थोडके राहतात. आठव्या वर्षी डोंगरभर बी, त्यांच्या खाण्यापलीकडचं. उरलेलं रुजतं. बांबूबद्दल हा विचार डॅनियल जॅन्झन या शास्त्रज्ञानं १९७६ साली नीट मांडला. पण यात एक अट आहे. सगळ्यांनी एकाच वेळी फुललं पाहिजे. जो एकटा आधी फुलला त्याचं बी संपलंच. म्हणजे घाई करणारी कारवी पिढ्यान् पिढ्या गळत गेली आणि वेळ पाळणारी उरली.

आपल्या मेळघाटातली मानवेल, म्हणजे भरीव बांबू, तिचंही असंच, फक्त तिची मुदत कारवीच्या कितीतरी पट. मानवेल फुलली की जुनी माणसं दुष्काळाची भाषा काढतात. ती अगदीच भाकड नाही. मिझोरममध्ये एक बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलतो. १९५९ साली फुलला तेव्हा एवढं बी पडलं की उंदरांचा सुकाळ झाला. बी संपल्यावर ते उंदीर भातशेतीत घुसले आणि माणसांवर खरोखरच उपासमार आली. खाणाऱ्याला पुरून उरायची युक्ती झाडाला फळली, त्याची किंमत शेजाऱ्यानं मोजली.

“पण आबाजी, झाडाले कॅलेंडर कोण दाखवते?”

शाब्बास चिंगे. हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पण अमेरिकेतल्या एका किड्यानं थोडा उजेड पाडला आहे. तिथं काही किड्यांच्या जाती, सिकाडा म्हणतात त्यांना, जमिनीखाली तेरा किंवा सतरा वर्षं झाडांच्या मुळांचा रस पीत राहतात आणि मग लाखोंनी एकदम वर येतात. २०२४ साली, आपल्याकडं कारवी फुलली त्याच वर्षी, तेरावाल्यांचा एक आणि सतरावाल्यांचा एक असे दोन थवे एकदम वर आले. तेरा गुणिले सतरा करा. दोनशे एकवीस. या दोघांची अशी गाठ त्याआधी १८०३ साली पडली होती. तर शास्त्रज्ञांनी काय केलं, पंधरा वर्षांची झालेली पिल्लं पीचच्या झाडांखाली ठेवली आणि ती झाडं अशी वाढवली की एका वर्षात त्यांना दोनदा बहर यावा. किडे एक वर्ष आधीच वर आले! म्हणजे ते वर्षं मोजत नव्हते, झाडाचे बहर मोजत होते. रसाची चव वर्षातून एकदा बदलते, तेच त्यांचं घड्याळ. २००० साली हे छापून आलं. कारवी कशावर मोजते, पावसावर की साठवलेल्या अन्नावर, हे शोधायला कोणालातरी तिच्यापाशी मुक्काम करावा लागेल. बंटी, तुझं नाव मी लिहून ठेवतो.

फादर सांतापाऊ १३ जानेवारी १९७० ला गेले. मागं काय राहिलं? शिकवलेली माणसं, हजारो चिठ्ठ्या लावलेले कागद, आणि काही झाडांची नावं. कारवीच्याच कुळातल्या एका वनस्पतीच्या वंशाला ‘सांतापाउआ’ नाव दिलं गेलं. आणि सह्याद्रीतल्या एका कंदीलपुष्पाला ‘सेरोपेजिया सांतापाउई’.

या कंदीलपुष्पांची करणी मात्र ऐकाच, मग झोपायला जा. पावसाळ्यात उगवणारी नाजूक वेल, खाली मातीत कंद. फूल म्हणजे उभी नळी, तळाशी फुगीर आणि वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेलं छत. वास असा की बारीक माश्या ओढल्या जातात. माशी कडेवर बसते, पाय घसरतो, खाली पडते. नळीत आतून केस असतात, सगळे खाली वळलेले. उतरायला मुभा, चढायला नाही. माशी तळाशी फिरत राहते आणि तिच्या तोंडाला परागांच्या दोन गोण्या अडकतात. एखादा दिवस जातो, मग ते केस मलूल होतात, फूल कलतं, वाट मोकळी. माशी बाहेर येते आणि, शहाणी असती तर घरी गेली असती, ती जाते दुसऱ्या कंदीलपुष्पात. तिथं पुन्हा पडते आणि गोण्या नेमक्या जागी पोचतात.

“अन् खायले काय भेटते तिले?”

बऱ्याचदा काहीच नाही. फसवणूकच आहे ती.

“मंग आबाजी, फादरचं नाव असलेल्या फुलानं असं करावं काय?”

नाव माणसांनी दिलं बाई. फुलाला कोणी विचारलंच नव्हतं.